वनस्पती उद्यान आणि पावसाचे वेळापत्रक : कर्जत-खालापूर परिसरातील कृतियुक्त पर्यावरण शिक्षण

प्रस्तावना

एम. सी. मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण शिक्षण अनिवार्य करण्याचे निर्देश दिले. २००३ च्या आदेशानंतर शालेय स्तरावर त्यासाठी पाठ्यक्रम तयार झाला. त्याच सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी स्तरासाठी आखलेल्या अभ्यासक्रमात ५० तासिकांपैकी ५ तासिका आणि १०० पैकी २५ गुण क्षेत्रकार्यासाठी राखून ठेवले होते. या पाच तासिका प्रत्यक्षात कशा उरकल्या जात, हे अध्यापकवर्गास वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. शालेय स्तरावरही पर्यावरणाची सहल म्हणजे डिसेंबर-जानेवारीतील एक दिवस, असेच समीकरण रूढ झालेले दिसते. वनस्पती उद्यानातील कृतियुक्त शिक्षणाचा विचार अंतर्गत रायगडच्या संदर्भात करताना प्रथम या वेळापत्रकाचाच प्रश्न उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात त्याची चर्चा केली आहे.

उद्यान कशासाठी?

मुंबईतील भायखळ्याचे उद्यान १८६२ मध्ये खुले झाले. देशोदेशीच्या वृक्षांचा संग्रह आणि प्रदर्शन हे त्याचे स्वरूप होते. धारावीनजीकचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान सुमारे ३७ एकरांच्या जुन्या कचराभूमीवर उभे राहिले आणि १९९४ मध्ये खुले झाले. शहरातील मुलांना झाड दाखविणे हे या दोन्ही ठिकाणी सार्थ प्रयोजन आहे. कर्जत व खालापूर तालुक्यांत मात्र रान शाळेच्या कुंपणाला भिडलेले असते. माथेरान व त्याभोवतीचा सुमारे २१४ चौरस किलोमीटरचा प्रदेश २००३ पासून पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनक्षेत्र म्हणून अधिसूचित आहे. अशा ठिकाणी केवळ नामफलक लावलेल्या झाडांचे उद्यान निरर्थक ठरते. येथे उद्यानाचे प्रयोजन निराळे आहे. रानात जे करू नये किंवा करता येत नाही, ते करून पाहण्याची जागा म्हणजे हे उद्यान. कंद उकरावा, वाफा तोडून पाहावा, शेजारचा वाफा राखून ठेवावा आणि पुढील वर्षी दोहोंची तुलना करावी, अशी ही जागा असावी.

शेवळ्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. पहिल्या सरींच्या आगेमागे हा सुरणाच्या कुळातील कंद पानांआधीच जांभळट फुलोरा वर काढतो आणि त्याच्या जुड्या बाजारात येतात. त्यातील कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म, सुईसारख्या स्फटिकांमुळे घशाला खाज सुटते. म्हणून फुलोऱ्याच्या आतील पिवळा भाग काढून टाकतात आणि भाजीत काकडाची आंबट फळे घालतात. येथपर्यंतचा पाठ ठाकर वा कातकरी घरातील मुलगी शिक्षकापेक्षा अधिक चांगला देईल. तिला तो देऊ द्यावा. मात्र चव पाहण्याचा प्रयोग जाणत्या बाईच्या देखरेखीखालीच व्हावा. खरा प्रयोग पुढे आहे. भाजीसाठी जो भाग खुडला जातो, तो फुलोराच असतो. म्हणजे तेथे बी धरणार नाही. एका वाफ्यातील सर्व फुलोरे खुडले आणि दुसऱ्यातील राखले, तर पावसाळा संपताना कोठे फळे दिसतात आणि दोन-तीन वर्षांनी कोठे किती रोपे उरतात, हे मुलांनी स्वतः मोजावे. बाजारातील मागणी आणि रानातील उपलब्धता यांचा संबंध पाठ्यपुस्तकातील व्याख्येने इतका स्पष्ट होत नाही.

कारवीचा कालावधी याहून दीर्घ आहे. साधारणतः आठ वर्षांनी एकदाच सामूहिक फुलोरा येतो आणि बी धरून झुडुपे वाळतात. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २०१६ आणि २०२४ मध्ये हा बहर आला होता. पहिलीत असताना बहर पाहिलेले मूल पुढचा बहर नववीत पाहते. मधल्या काळात शिक्षक बदलतात, मुख्याध्यापक निवृत्त होतात. नोंदवही टिकवून ठेवण्याचे काम उद्यानाचेच. याच कारवीच्या काठ्यांचे कूड या भागातील घरांना असत, हे घरातील वडीलधाऱ्यांकडून लिहून आणण्याचा स्वाध्याय त्याला सहज जोडता येईल.

पाऊस, माती आणि उतार

या दोन्ही तालुक्यांत वर्षाकाठी सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी ही ठाकरवाडी दरडीखाली गाडली गेली. त्या दुर्घटनेची कारणमीमांसा हे भूशास्त्रज्ञांचे काम आहे. मुलांच्या प्रयोगातून तिचा निष्कर्ष काढू नये. तथापि अशा उतारांवर राहणाऱ्या मुलांना पावसाचे मापन येऊ नये, हे समर्थनीय नाही. सरळ भिंतीची बाटली आणि पट्टी एवढ्यावर रोजची नोंद होऊ शकते. गवत असलेला आणि उघडा असे मातीचे दोन तिरपे ट्रे घेऊन त्यांवर सारखेच पाणी ओतले, तर खाली जमलेल्या पाण्याचा गढूळपणा पहिलीच्या मुलालाही कळतो.

वेळापत्रकाचा प्रश्न

वरील सर्व कृती जून ते ऑक्टोबर या काळातील आहेत. सहली मात्र हिवाळ्यात निघतात. तेव्हा शेवळ्याचे पानही दिसत नाही, कंद जमिनीत निद्रिस्त असतो. त्याहून गंभीर बाब अशी की, दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या कामावर स्थलांतरित होतात आणि त्यांची मुलेही सोबत जातात. म्हणजे वनस्पतींचे सर्वाधिक ज्ञान ज्या घरांत आहे, नेमकी त्या घरांतील मुले हिवाळी उपक्रमातून वगळली जातात. आश्रमशाळांत राहणाऱ्या मुलांची अडचण उलटी आहे. ती शाळेत असतात, परंतु ऐन पावसात आई-आजीसोबत रानात जाण्याचे त्यांचे दिवस वसतिगृहात सरतात. या ज्ञानाचे गोडवे गाणाऱ्यांनी त्याची ही झीजही लक्षात घ्यावयास हवी.

पावसाळी उपक्रमास चिखल, जळवा आणि सर्पदंशाची भीती हे आक्षेप घेतले जातात. ते खोटे नाहीत. परंतु उद्यानातील मर्यादित जागेत, बूट, छत्री व प्रथमोपचाराची सोय ठेवून त्यांवर उपाय करता येतो, जो मोकळ्या रानात कठीण असतो. भातलावणीच्या आठवड्यांत उपस्थिती घटते, म्हणून त्या दिवसांत उपक्रम ठेवू नये. भट्ट्यांवरील काम पावसाच्या तोंडावर थांबते आणि कुटुंबे वाडीवर परततात. त्याच सुमारास शेवळा उगवतो आणि जूनच्या मध्यास शाळा उघडते. उद्यानातील पहिली तासिका त्याच आठवड्यात ठेवावी आणि तिची तयारी शिक्षकांनी मे महिन्यातच पूर्ण करावी.