बुद्धिबळाचें मंडळ

बुद्धिबळें हा दोघांचा खेळ, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पटाच्या अलीकडे एक, पलीकडे एक, आणि मध्यें चौसष्ट घरें. परंतु ज्या गांवांत हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या टिकला, तेथें बारकाईनें पाहिल्यास एक तिसरा माणूस नेहमीं आढळतो. त्या वेळीं तो खेळत नसतो. तो खोलीचें कुलूप उघडतो, सतरंजी घालतो, मोहरीं मोजतो आणि सर्व मंडळी गेल्यावर दिवा मालवतो. सांगलीचें उदाहरण ह्या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे.

सांगलीस नूतन बुद्धिबळ मंडळ १९४१ सालीं स्थापन झालें. भाऊसाहेब पडसलगीकर हे त्याचे संस्थापक. त्या वेळीं सांगली हें पटवर्धनांचें संस्थान होतें. १९४८ सालीं तें विलीन झालें, १९४९ सालीं ‘दक्षिण सातारा’ नांवाचा जिल्हा निघाला, आणि १९६० सालीं त्यालाच सांगली जिल्हा हें नांव मिळालें. राज्य गेलें, जिल्ह्याचें नांव बदललें, पट मात्र मांडलेलेच राहिले. सातारा व सांगली नकाशावर वेगळे झाले, तरी कृष्णाकांठचा हा एकच मुलूख. कऱ्हाडच्या मुलाला सांगलीस खेळावयास येणें म्हणजे परगांवीं जाणें वाटत नाहीं.

मंडळ निघालें त्या काळीं घरोघरीं खेळला जाणारा खेळ आजच्यासारखा नव्हता. देशी पद्धतींत प्यादें पहिल्या चालीसही एकच घर सरके. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजीं, शह बसला नसेल तर, राजास एकदांच घोड्याची चाल करण्याची मुभा असे. प्यादें शेवटच्या घरीं पोंचलें कीं त्याचा वजीरच होई असें नाहीं. ज्या मोहऱ्याच्या रांगेंत तें पोंचे, तें मोहरें होई. प्रतिपक्षाचा राजा एकटा उरला तर ‘बुर्जी’, म्हणजे डाव बरोबरींत. आणि प्यादेमात ही मोठ्या मानाची. हे नियमही सर्वत्र सारखे नसत, त्यामुळें परगांवच्या खेळाडूशीं पहिला सामना पटावर न होतां नियमांवरूनच होई! पंजाबचे मीर सुलतानखान देशी पद्धतींत तयार झाले, आणि पुढें १९२९, १९३२ व १९३३ सालीं त्यांनीं ब्रिटिश अजिंक्यपद जिंकलें. परंतु विलायतेस जाऊन नवे नियम आत्मसात करणें कितीजणांस शक्य होतें? तें काम गांवोगांवच्या मंडळांस करावें लागलें. अखिल भारतीय संघटना १९५१ सालीं निघाली. १९५५ सालच्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेंत रामचंद्र सप्रे व डी. वेंकय्या हे संयुक्त विजेते ठरले.

स्त्रियांची राष्ट्रीय स्पर्धा १९७४ सालीं सुरू झाली, आणि पहिलें अजिंक्यपद वासंती खाडिलकर ह्यांनीं मिळविलें. त्या मुंबईच्या, पण खाडिलकर घराणें मूळ सांगलीचें. जयश्री, वासंती व रोहिणी ह्या तिघी भगिनींचा त्या स्पर्धेवर बरींच वर्षें पगडा होता. १९८५ सालीं सांगलीच्याच भाग्यश्री साठे, पुढें ठिपसे, राष्ट्रीय विजेत्या झाल्या. हा मान त्यांनीं एकंदर पांच वेळां मिळविला. त्यांच्यामागून स्वाती घाटे महिला ग्रँडमास्टर झाल्या. एवढ्याशा शहरांतून इतकें कसें निपजलें, ह्याचीं उत्तरें लोक पाण्यांत व मातींत शोधतात. खरें उत्तर फार साधें असावें: शाळा सुटल्यावर मुलीस जेथें निर्धास्त बसवितां येईल, अशी एक खोली गांवांत नियमितपणें उघडी होती.

खोली उघडणें हें काम दिसतें तितकें हलकें नाहीं. समजा, सुटींतील एका स्पर्धेस १२८ मुलें आलीं. प्रत्येकानें प्रत्येकाशीं खेळावयाचें ठरविल्यास १२७ फेऱ्या व ८,१२८ डाव होतील. एवढ्यास सुटी पुरणें कठीण. हरलेल्यास बाद करीत गेल्यास ७ फेऱ्यांत निकाल लागतो खरा. परंतु पहिल्या फेरीनंतरच ६४ मुलांस घरीं जावें लागतें. जतहून किंवा माणच्या माळरानावरून पहांटेच्या एस. टी.नें आलेला मुलगा दहा वाजतां हरून अकरा वाजतां परतीची गाडी पाहूं लागला, तर तो पुन्हां येईल काय? ह्यावर तोडगा म्हणजे स्विस पद्धति. ती १८९५ सालीं झुरिच येथें प्रथम वापरली गेली. तींत कोणीच बाद होत नाहीं. प्रत्येक फेरीस सारखे गुण असलेल्यांची गांठ घालतात. जिंकणारा जिंकणाऱ्यासमोर, हरणारा हरणाऱ्यासमोर. फेऱ्या सातच, डाव ४४८, आणि सकाळीं हरलेल्या मुलास दुपारीं जिंकण्याची संधि राहते. मात्र त्यासाठीं ६४ पट, ६४ घड्याळें व २,०४८ मोहरीं मांडावीं लागतात, आणि दर फेरीनंतर जोड्या नव्यानें लावाव्या लागतात. पंचास थोडेंफार मानधन मिळतें. बाकीचे राबतात ते हौसेखातर. त्यांत जुने खेळाडू असतात, आणि मुलाची वाट पाहतां पाहतां हाताशीं लागलेले पालकही असतात.

आतां इंटरनेट आल्यावर ह्या खटाटोपाची गरज उरली नाहीं, असें म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या म्हणण्यांत तथ्यही आहे. ज्या मुलीस संध्याकाळच्या शेवटच्या गाडीमुळें मंडळांत थांबतां येत नव्हतें, तिला आतां खटाव तालुक्यांतील आपल्या घरीं बसून दोन-चार क्षणांत तोडीस तोड प्रतिस्पर्धी मिळतो. ही तोड मानांकनाच्या आंकड्यावरून ठरते. दोघांत २०० गुणांचें अंतर असेल, तर वरचढ खेळाडूनें शंभरांपैकीं सुमारें ७६ गुण मिळवावेत असा हिशेब आहे. पण गंमत अशी कीं, ह्या नव्या पटालाही तिसरा माणूस सुटलेला नाहीं. २०१० सालीं तिबो द्यूप्लेसी ह्या फ्रेंच गृहस्थानें काढलेलें ‘लिचेस’ हें खेळण्याचें स्थळ वर्गणी घेत नाहीं व जाहिराती लावीत नाहीं. तें देणग्यांवर व स्वयंसेवकांवर चालतें. संगणकानें १९९७ सालीं कास्पारोव्हला हरविलें. आज खिशांतला मोबाईलही जगज्जेत्यास भारी आहे. अर्थात्‌ चोरून यंत्राची मदत घेणारे निघणारच. त्यांचे डाव तपासण्यांत यंत्रें साह्य करतात, तरी असे स्वयंसेवक तेथेंही बसलेले असतात.

आणि तारच तुटली तर? ३० ऑगस्ट २०२० रोजीं इंटरनेटवरील पहिल्या ऑलिंपियाडच्या अंतिम सामन्यांत भारताच्या दोन खेळाडूंचा संपर्क तुटला व ते वेळेअभावीं हरले. त्यांपैकीं एक नागपूरची दिव्या देशमुख. हीच २०२५ सालीं महिलांची विश्वचषक विजेती झाली. भारतानें दाद मागितल्यावर रशिया व भारत ह्यांस सुवर्णपदक विभागून देण्यांत आलें.

तरीही मंडळांतील एक गोष्ट मोबाईलवर अद्याप नीटशी आलेली नाहीं. तेथें हरणारा एक बटण दाबून नव्या डावास लागतो. चूक कोठें झाली हें यंत्र आंकड्यांनीं दाखवितें. पण घोडा तेथें ठेवतांना समोरच्याच्या मनांत काय होतें, हें समोरचाच सांगूं शकतो. मंडळांत डाव संपल्यावर दोन्ही मुलें तीच मोहरीं सतराव्या चालीपर्यंत मागें नेतात, हुज्जत घालतात, बघेही आपलें शहाणपण सांगून घेतात. हरलेल्याचे डोळे तोंवर कोरडे होतात. पेटी घेऊन उभा असलेला माणूस घाई करीत नाहीं. त्याला एक काळें प्यादें कमी भरलें आहे, आणि तें सतरंजीखालीं शोधावयाचें आहे.