कुंभकोणमला समुद्र नाही, तरी बेट आहे

दोघांनीच चार दिवस निवांत जायचं म्हटलं की आपल्याकडे मालदीव, अंदमान, फार तर लक्षद्वीप एवढीच नावं निघतात. कुंभकोणम म्हटलं तर ‘ते आईबाबांना घेऊन जायचं ठिकाण’ असं उत्तर मिळतं. देवळांचं गाव आहे खरं, आणि दर बारा वर्षांनी भरणाऱ्या महामहम उत्सवाच्या गर्दीत (मागचं 2016 साली झालं, पुढचं 2028 साली) निवांतपणा शोधायला कुणी जाऊ नये. एरवी मात्र नकाशा उघडून पाहा. गावाच्या उत्तरेला कावेरी, दक्षिणेला अरसलार. अरसलार वरच्या अंगाला कावेरीतूनच फुटते आणि कारैक्कालला समुद्राला मिळते. कावेरी मिळते पूंपुहारला. दोन नद्या आणि बंगालचा उपसागर यांच्यामधला हा तुकडा चहूबाजूंनी पाण्याने वेढलेला आहे. भूगोलाच्या मास्तरांनीही त्याला बेट म्हणायला हरकत घेऊ नये.

मात्र हे पाणी बारमाही नाही. सगळ्यात मोठी फसगत होते ती इथेच. नारळीच्या बागेतलं, नदीकाठचं रिसॉर्ट बघून लोक एप्रिल-मेच्या सुट्टीत खोली ठरवतात आणि गॅलरीतून दिसतं ते वाळूचं पात्र. डेल्टातली कावेरी आभाळापेक्षा मेट्टूर धरणाच्या दरवाजांवर जास्त अवलंबून आहे. 1934 साली पुऱ्या झालेल्या या धरणातून 12 जूनला शेतीसाठी पाणी सोडायचं आणि 28 जानेवारीला बंद करायचं, असा जुना रिवाज आहे. साठा कमी असला की जूनची तारीख पुढे जाते, आणि मग कर्नाटक-तमिळनाडूचा वाद वर्तमानपत्रांत सुरू होतो. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत नदी बहुधा कोरडीच असते. ‘रिव्हर व्ह्यू’चे जादा पैसे भरण्याआधी महिना बघावा.

पावसाबद्दलचा समज तर आपण महाराष्ट्रातून सोबतच नेतो. दिवाळी आली म्हणजे पाऊस गेला, असं आपलं गणित. कुंभकोणमचा मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. तो ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो. दिवाळीची सुट्टी नेमकी त्यातच सापडते, आणि चक्रीवादळांचा काळही तोच. नोव्हेंबर 2018 मधलं ‘गज’ वादळ याच डेल्टाच्या दक्षिण टोकाला, वेदारण्यमजवळ धडकलं होतं. धरणाचं आणि पावसाचं अशी दोन्ही वेळापत्रकं जुळतात ती जानेवारीत: पाऊस सरलेला, नदीत पाणी, शेतं हिरवी. पोंगलचे गर्दीचे दिवस तेवढे टाळावेत. जुलै ते सप्टेंबर हा दुसरा पर्याय. मात्र दुपारी ऊन चांगलंच भाजतं.

समुद्र हवाच असेल तर साठेक किलोमीटरवर तरंगंबाडी आहे. तिथे निळंशार, काचेसारखं पाणी मिळेल ही अपेक्षा घरीच ठेवावी. मालदीवची प्रवाळबेटं भर समुद्रात आहेत, गाळ आणणारी नदी आसपास नाही. इथला किनारा कावेरीच्याच गाळाने घडलेला, पाणी मातकट हिरवं. लाटांना जोर असतो, तेव्हा पोहण्याचा बेत नकोच. आणि पूर्वकिनारा असल्यामुळे सूर्य समुद्रात बुडत नाही, समुद्रातून वर येतो. सूर्यास्ताच्या फोटोसाठी जाणाऱ्यांनी पहाटेचा गजर लावावा. पाहण्यासारखं मात्र पुष्कळ आहे. तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून डॅनिश लोकांनी 1620 साली इथे किल्ला बांधायला घेतला आणि 1845 साली सगळी वसाहत इंग्रजांना विकून टाकली. तंजावरच्या सरफोजीराजांचे गुरू श्वार्ट्झ हे 1750 साली हिंदुस्थानात आले ते इथल्याच डॅनिश मिशनसाठी.

तरंगंबाडीचा किनारा ‘ओझोनयुक्त’ आहे, म्हणून तब्येतीला उत्तम, असं पर्यटकांना कौतुकाने सांगितलं जातं. ओझोन वातावरणात उंचावर असेल तर आपलं रक्षण करतो. नाकाशी असेल तर फुप्फुसांना त्रास देतो. समुद्राच्या हवेचा तो ओळखीचा वास बराचसा समुद्रातल्या सूक्ष्म जीवांमुळे तयार होणाऱ्या डायमिथिल सल्फाइडचा. हवा खुशाल खावी, औषध म्हणून नको.

समुद्रकिनारी जोडप्याने हिंडणं ही आधुनिक, परदेशी हौस आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक जुना दाखला. ‘सिलप्पदिकारम्’ या प्राचीन तमिळ महाकाव्यात कोवलन आणि माधवी याच किनाऱ्यावर, थोडं उत्तरेला पुहारला (आजच्या पूंपुहारला), सहलीला जातात, गाणी म्हणतात, आणि गाण्यांचा भलताच अर्थ लावून भांडतात. नातं तिथेच तुटतं. कोवलनची बायको कण्णगी तेव्हा घरी होती, हे जाता जाता सांगायला हवं.

‘एका दिवसात नवग्रह’ ही ग्रहांच्या देवळांची टॅक्सीवाल्यांची सहल अनेक जण सुट्टीतच बसवतात. चंद्राचं तिंगळूर तिरुवैयारूजवळ, शनीचं तिरुनळ्ळारु कारैक्कालपाशी. दिवस गाडीत जातो. त्यातही बहुतेक देवळं दुपारी बारा-साडेबारापासून चारपर्यंत बंद असतात. त्यापेक्षा संध्याकाळी फक्त दारासुरम पाहावं. दुसऱ्या राजराज चोळाने बाराव्या शतकात बांधलेलं हे ऐरावतेश्वर मंदिर 2004 पासून जागतिक वारसा यादीत आहे.

सकाळ स्वामीमलैला द्यावी. तिथल्या पंचधातूच्या मूर्ती एकाच साच्यातून धडाधड निघतात असं दुकानात पाहून वाटतं. पारंपरिक रीत वेगळी आहे: आधी मेणाची मूर्ती, तिच्यावर कावेरीच्या गाळमातीचे थर, मग भट्टीत मेण वितळवून बाहेर काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. मूर्ती बाहेर काढताना साचा फुटतो, त्यामुळे तिची हुबेहूब जोडी होत नाही. किंमत ऐकून दचकण्याआधी हे लक्षात असावं.

तिरुनागेश्वरमच्या उप्पिलियप्पन देवळातला अळणी प्रसाद पथ्याचा म्हणून खाणारेही भेटतात. त्यामागची कथा मात्र संसाराची आहे. म्हातारा होऊन आलेल्या विष्णूने मार्कंडेय ऋषींकडे त्यांच्या मुलीला मागणी घातली. ती लहान आहे, स्वयंपाकात मीठ घालायचंही तिला कळत नाही, असं ऋषी म्हणाले. मग मी बिनमिठाचं खाईन, असं विष्णूने कबूल केलं, आणि नैवेद्य आजही अळणीच असतो. गावातल्या खाणावळींनी असलं काही कबूल केलेलं नाही. तिथलं सांबार नीट खारट, तिखट आणि आंबट असतं.