साहेबाची शिफारस नव्हे, जखमेची नोंद

जामखेड तालुक्यात चार माजी सैनिक चहाला एकत्र बसले की एक वाक्य हमखास कानावर येतं. "गोळी लागली, पण साहेबानं नाव पुढं पाठवलं नाही, म्हणून मेडल राहिलं." मग कुणीतरी पुस्ती जोडतो: साहेब केव्हाच वारले, कंपनीतली माणसं देशभर पांगली, आता कोण दाद घेणार? ऐकणाऱ्यालाही हे पटतं, कारण सरकारी कामात शिफारशीवाचून पान हलत नाही यावर आपला सगळ्यांचाच ठाम विश्वास असतो. पण या पदकाच्या बाबतीत ही समजूत मुळातच खोटी आहे. तिच्यापायी कितीतरी जण साधा अर्जसुद्धा करत नाहीत, आणि राग येतो तो त्याचाच.

लढाईत जखमी झालेल्यांसाठीचं हे पदक भारत सरकारनं सुरू केलं. इंग्रजीत त्याला वूंड मेडल म्हणतात, हिंदीत पराक्रम पदक. पात्रतेची अट एकच आहे: शत्रूच्या थेट कारवाईत जखम झालेली असावी. मग ती युद्धात झालेली असो, सीमेवरच्या चकमकीत असो वा दहशतवाद्यांविरुद्धच्या मोहिमेत असो. शत्रूनं विमान पाडल्यावर उडी टाकताना किंवा विमान कोसळताना जखमी झालेला वैमानिकही त्यात बसतो. जवान पुढं धावत होता की खंदकात बसला होता, त्यानं किती शत्रू मारले, हे कुणी विचारत नाही. शिफारस, प्रशस्तिपत्र, त्यावर बसणारी समिती हा सगळा व्याप शौर्यपदकांचा. परमवीर चक्रापासून सेना पदकापर्यंत तो असतो आणि असायलाच हवा. जखमेच्या पदकाला लागतो तो पुरावा.

अमेरिकेतही हेच आहे. तिथल्या पर्पल हार्ट पदकाबाबत लष्कराचा नियम स्पष्ट सांगतो की या पदकासाठी कुणाची शिफारस होत नाही. अट पूर्ण करणारा सैनिक आपोआप हक्कदार ठरतो. तरीही आपली नोंद दुरुस्त करून घ्यायला हजारो अमेरिकी सैनिकांना झगडावं लागलं, कारण घोडं शिफारशीपाशी अडलेलं नसतं. ते अडलेलं असतं कागदापाशी.

आपल्याकडे हा कागद कसा फिरतो ते पाहिलं की चूक कुठं होते तेही कळतं. जवान जखमी झाला की युनिट वरिष्ठ मुख्यालयाला आणि रेकॉर्ड ऑफिसला कळवतं. जखम शत्रूच्या कारवाईतली असेल तर त्याची गणना 'बॅटल कॅज्युअल्टी', म्हणजे फौजी बोलीत 'बीसी', अशी होते. अपघात वा आजार असेल तर 'फिजिकल कॅज्युअल्टी'. सैन्याच्या २००३ च्या पहिल्या आदेशात हे वर्गीकरण तपशिलानं दिलेलं आहे. त्यानंतर 'पार्ट टू ऑर्डर' निघते. रजा, लग्न, मुलाचा जन्म, बढती, जखम, पदक अशी जवानाच्या आयुष्यातली प्रत्येक घडामोड याच ऑर्डरमधून त्याच्या शीट रोलवर, म्हणजे सेवेच्या नोंदपटावर, चढते. निवृत्तीच्या वेळी हातात पडणारं डिस्चार्ज बुक या शीट रोलवरून भरलं जातं.

साहेबाची सही हवी होती ती या जखमेच्या अहवालावर. शिफारसपत्राचा इथं संबंधच नव्हता. दोन्हींत फरक मोठा आहे. शिफारस केली नाही तर ती गेलीच. ती चाळीस वर्षांनी मागून मिळत नाही. जखमेचे कागद मात्र एका ठिकाणी नसले तरी दुसरीकडे सापडू शकतात. बहुतेक वेळा होतं ते असं: जवानाला फील्ड अॅम्ब्युलन्समधून मागच्या इस्पितळात हलवतात, तिथून आणखी मागं नेतात. सहा महिन्यांनी तो परततो तेव्हा त्याची मेडिकल कॅटेगरी खाली आलेली असते आणि पोस्टिंग भलतीकडं झालेली असते. मधल्या काळात जखमेची नोंद झाली, पण पदकाची ऑर्डर निघाली नाही. किंवा ऑर्डर निघाली आणि शीट रोलवर चढली नाही. किंवा शीट रोलवर आहे, पण डिस्चार्ज बुक भरणाऱ्या कारकुनानं ती ओळ गाळली. या तिन्हींवरचे इलाज वेगळे आहेत आणि एकातही त्या जुन्या साहेबाला शोधत फिरावं लागत नाही.

पदकाच्या हिंदी नावानं गोंधळात भर घातली आहे, हे मान्य करायला हवं. पराक्रम म्हटलं की शौर्यपदकच वाटतं. त्यात १३ डिसेंबर २००१ च्या संसदेवरील हल्ल्यानंतर सीमेवर तैनात झालेल्यांना 'ऑपरेशन पराक्रम' पदक मिळालं. ते तैनातीचं पदक, हे जखमेचं. घरच्यांनी फोटोतल्या फिती पाहून "बाबांना पराक्रम पदक आहे की" म्हणायचं आणि रेकॉर्ड ऑफिसनं "तशी नोंद नाही" असं कळवायचं, या पत्रापत्रीचं मूळ अनेकदा इथं असतं. जखमेच्या पदकाची फीत पांढरी असते आणि तिच्या मधोमध लाल पट्टा असतो. छातीवर ती शौर्यपदकांनंतर आणि मोहिमांच्या पदकांआधी लागते.

शौर्य आणि जखम यांचे हिशेब वेगळे असतात, हे नगर (अहिल्यानगर) जिल्ह्याला तरी वेगळं सांगायला नको. संगमनेर तालुक्यातल्या निमजचे नामदेव जाधव हे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे शिपाई. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतल्या सेनिओ नदीवर त्यांनी जखमी साथीदारांना खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून पाठीवर वाहून आणलं. नंतर एकट्यानं शत्रूच्या मशिनगनच्या जागा उद्ध्वस्त केल्या. हाताला जखम झाल्यावर बंदूक चालवता येईना, तेव्हा हातबॉम्ब फेकले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो या कामगिरीसाठी. हाताच्या जखमेसाठी वेगळं पदक नव्हतंच. ब्रिटिश सैन्यात १९१६ पासून जखमी सैनिकाच्या बाहीवर सोनेरी पट्टी लावायची पद्धत होती, एवढंच.

उलट बाजूचं उदाहरण सांगलीच्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कायमचं अपंगत्व आलं. पुढं १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं. 'चंदू चॅम्पियन' चित्रपटामुळे ते आज घरोघरी माहीत आहेत. पद्मश्री २०१८ मध्ये आली, अर्जुन पुरस्कार (जीवनगौरव) त्यांच्या हाती पडला तो २०२५ च्या जानेवारीत. त्या पुरस्कारांना निवड समिती होती, तिच्या मर्जीला वाव होता, आणि पेटकरांनी वाट पाहिली ती त्या मर्जीची. जखमेच्या नोंदीला निवड समिती नसते. तिथं हो किंवा नाही हे पुराव्यावर ठरतं, आणि "नाही" म्हणणाऱ्याला कारण द्यावं लागतं.

दुसरा गैरसमज पैशाचा आणि तो दोन्ही बाजूंनी चुकतो. काहींना वाटतं, पदक मिळालं की दरमहा भत्ता सुरू होईल. होणार नाही. केंद्राचा मासिक भत्ता शौर्यपदकांना आहे: २०१७ च्या दरांप्रमाणे परमवीर चक्राला २०,००० रुपये, शौर्यासाठीच्या सेना पदकाला २,००० रुपये. जखमेचं पदक त्या यादीत नाही. म्हणून मग दुसरे म्हणतात, पैसा नाही तर कागद दुरुस्त करून उपयोग काय? उपयोग असतो, पण तो पदकाच्या मागे उभ्या असलेल्या जखमेच्या वर्गीकरणाचा.

संरक्षण मंत्रालयाच्या ३१ जानेवारी २००१ च्या पत्रानं अपंगत्वाची कारणं 'ए' ते 'ई' अशा पाच गटांत विभागली. युद्धजन्य जखमा 'ई' गटात येतात आणि त्यांना वॉर इंज्युरी पेन्शन लागू होते. फरक किती पडतो ते आकड्यांत पाहावं. शेवटचं पात्र वेतन ३०,००० रुपये आणि मान्य अपंगत्व ५० टक्के धरलं, तर साध्या अपंगत्व निवृत्तिवेतनाचा भाग पूर्ण अपंगत्वाला वेतनाच्या ३० टक्के या दरानं ४,५०० रुपये होतो. तीच जखम युद्धजन्य ठरली आणि जवान सेवेत राहून नंतर निवृत्त झाला, तर ६० टक्के दरानं ९,००० रुपये. जखमेमुळेच त्याला घरी पाठवलं असेल, तर १०० टक्के दरानं १५,००० रुपये. हा सेवेच्या पेन्शनवरचा वेगळा भाग आहे. हिशेब जुन्या नियमांचा आहे. २१ सप्टेंबर २०२३ पासून सेवामुक्त होणाऱ्यांना नवे नियम लागू आहेत.

इथं एक बारकावा आहे आणि तो भल्याभल्यांना चकवतो. पेन्शनचा 'ई' गट आणि पदकाची अट या एक नव्हेत. सीमेजवळ आपलेच सुरुंग पेरताना झालेल्या स्फोटात पाय गेला, तर ती जखम 'ई' गटात बसते आणि वॉर इंज्युरी पेन्शनचा हक्क मिळतो. पण शत्रूची थेट कारवाई नसल्यानं पदकाचा दावा तिथं टिकणं अवघड. म्हणून "पदक नाही म्हणजे पेन्शनही नाही" ही समजूत चूक, आणि "पेन्शन लागली म्हणजे पदक आलंच पाहिजे" हीसुद्धा चूक. पदकाचा अर्ज फेटाळला म्हणून पेन्शनचा अर्ज फाडून टाकणाऱ्याला काय म्हणावं!

आता किरकोळ गैरसमज.

नगरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंद दुरुस्त होते, असं समजून जामखेडहून सुमारे ७५ किलोमीटरचे हेलपाटे घातले जातात. ते कार्यालय अर्ज लिहायला आणि पुढं पाठवायला मदत करतं. शीट रोलला हात लावण्याचा अधिकार फक्त रेकॉर्ड ऑफिसचा. चिलखती दळ आणि मेकनाइज्ड इन्फंट्री यांची रेकॉर्ड ऑफिसं अहिल्यानगरातच आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावात, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, गार्ड्सचं कामठीला, ईएमईचं सिकंदराबादला.

पदक हातात मिळालं नाही म्हणजे नोंद नाही, असंही नव्हे. धातूची पदकं बनवून वाटण्याचा सैन्याचा अनुशेष लाखांच्या घरात गेला होता. ऑर्डर निघालेली असेल तर मागणी फक्त पदक पाठवण्याची करायची, दुरुस्तीची नव्हे. आणि बाजारातून प्रतिकृती विकत घेऊन छातीवर लावल्यानं कागदावर काहीही बदलत नाही.

सियाचीनला बर्फानं बोटं गेली तर जखमेचं पदक मिळत नाही. तिथल्या तैनातीचं पदक स्वतंत्र आहे.

हे पदक फक्त सैन्याला, असं नाही. पोलीस दलंही पात्र आहेत.

"सैन्याला माहितीचा अधिकार लागू नाही" हेही सर्रास ऐकू येतं. लागू आहे. आपल्या शीट रोलची आणि पार्ट टू ऑर्डरची प्रत दहा रुपयांच्या अर्जावर मागता येते आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत सूट आहे ती सीआरपीएफ, बीएसएफ यांसारख्या दलांना.

"कागद जळून गेले, नष्ट झाले" हे उत्तर मात्र कधी कधी खरं असतं. अमेरिकेत १९७३ च्या जुलैत सेंट लुईसच्या अभिलेखागाराला आग लागून १ कोटी ६० लाखांहून अधिक फायली गेल्या. तिथं इतर नोंदींवरून सेवा सिद्ध करण्याची पद्धत बसली. आपल्याकडे पेन्शन नसलेल्या जवानांची सेवेची कागदपत्रं २५ वर्षांनी नष्ट करण्याचा नियमच आहे. पेन्शनरांनी हे उत्तर मुकाट्यानं स्वीकारू नये. इतरांनाही वाटा आहेत. मेडिकल बोर्डाचे कागद, इस्पितळातून सुटतानाचा दाखला, पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रातल्या उपचारांची कागदपत्रं, जुना पेन्शन आदेश, सोबतच्या जवानांची प्रतिज्ञापत्रं, हे सगळं पुरावा म्हणून जोडता येतं. एक लक्षात ठेवावं: इस्पितळाचा कागद जखम झाली हे सांगतो, ती कशानं झाली हे सांगेलच असं नाही. ते युनिटच्या वॉर डायरीत सापडू शकतं. २०२१ च्या जूनमधल्या धोरणानुसार अशा नोंदी साधारण २५ वर्षांनी खुल्या करायच्या आहेत.

आधार कार्डावरचं आडनाव आणि डिस्चार्ज बुकातलं स्पेलिंग जुळत नसेल तर ती दुरुस्ती वेगळी. दोन्ही एकाच अर्जात कोंबू नयेत.

शेवटचा गैरसमज: फार उशीर झाला. रेकॉर्ड ऑफिसनं नकार दिला तर तो कारणासह लेखी मागावा आणि सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जावं. नकारानंतर मुदत सहा महिन्यांची आहे, पण सबळ कारण असेल तर विलंब माफ होतो. पेन्शनबाबत सर्वोच्च न्यायालयानं २००८ च्या तरसेम सिंग प्रकरणात म्हटलं की दर महिन्याला कमी रक्कम मिळणं हा चालू राहणारा अन्याय आहे, त्यामुळे उशिरा आलेला दावाही ऐकता येतो. थकबाकी मात्र दाव्यापूर्वीच्या तीन वर्षांचीच. म्हणजे हक्क उशिरानं बुडत नाही, पैसा बुडतो, आणि तो दर महिन्याला बुडतो. ज्यांच्या अंगावर जखम आहे आणि डिस्चार्ज बुकात नाही, त्यांनी किंवा त्यांच्या पत्नीनं साहेबाचा पत्ता शोधणं सोडावं. सैन्य क्रमांक, त्या वेळचं युनिट, जखमेची तारीख, ठिकाण आणि इस्पितळाचं नाव एका कागदावर लिहून आधी पार्ट टू ऑर्डरची प्रत मागवावी. रेकॉर्ड ऑफिसच्या अर्जाला फी नाही, त्यामुळे एजंटाला द्यायलाही काही नाही.