कुंपण नसलेलं शेत

"तीन, दोन, तीन. दोन, तीन... सहा."

दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत आ वासून पडलेल्या माणसाला आकडे ऐकण्यावाचून दुसरं काम नसतं. दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत डॉक्टर एक बोथट टोकाची, मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई घालत होते. तीनपर्यंत ठीक. सहा म्हणजे हिरडी दातापासून सुटली आणि खालचं हाडही झिजलं. 'सहा' लिहिताना मदतनीस मुलीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, तेव्हाच मी काय ते समजलो.

"जंतूंनी खाल्लं?" गुळणी टाकून मी विचारलं. पाणी गुलाबी झालं होतं.

"जंतूंनी सुरुवात केली. खाल्लं ते तुमच्याच पेशींनी."

या पेशींतल्या पहिल्या फळीचं नाव न्यूट्रोफिल. रक्तातल्या पांढऱ्या पेशींत साधारणपणे निम्म्याहून अधिक याच असतात. हिरडी ठणठणीत असली तरी मिनिटाला सुमारे ३०,००० न्यूट्रोफिल त्या फटीतून तोंडात उतरतात. दातावरच्या चिकट थरातले जंतू त्या गिळतात, त्यांच्यावर विकरं सोडतात. पण त्यातलं कोलॅजेनेज हे विकर आपलं-परकं पाहत नाही आणि दात हाडाला बांधलेला असतो तो कोलॅजनच्याच तंतूंनी. सूज महिनोन्‌महिने राहिली की टी आणि बी पेशी गोळा होतात. त्यांच्याकडून 'रँकल' नावाच्या प्रथिनाचा सांगावा जातो आणि हाड पोखरणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी तयार होतात. याही पांढऱ्या पेशींच्याच घराण्यातल्या!

कुंपणानेच शेत खाल्लं, असं म्हणून इथे थांबता येईल. मग एकाचं शेत का खाल्लं जातं आणि शेजाऱ्याचं का नाही? १९७० साली हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांमधल्या ४८० पुरुष मजुरांचे दात तपासायला सुरुवात केली. या मजुरांना दातांचे उपचार मिळत नव्हते, ब्रशची सवय नव्हती. सगळ्यांच्या दातांवर थर, सगळ्यांच्या हिरड्या सुजलेल्या. पंधरा वर्षांनी पाहिलं तर ८ टक्के मजुरांचं हाड झपाट्याने गेलं होतं, ८१ टक्क्यांचं हळूहळू जात होतं आणि ११ टक्क्यांच्या बाबतीत दुखणं हिरडीच्या सुजेपुढे सरकलंच नव्हतं. जंतूंवर सगळं खापर फोडणाऱ्यांनी हे ११ टक्के विसरू नयेत.

याहून मोठा चकवा एका दुर्मीळ जन्मजात आजारात आहे. त्यात न्यूट्रोफिलना रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बाहेर पडता येत नाही. रक्तात त्यांची रेलचेल, हिरडीत मात्र शुकशुकाट. कुंपणच शेत खात असेल तर या मुलांचे दात शाबूत राहायला हवेत. प्रत्यक्षात ते कोवळ्या वयातच हलू लागतात, पडतात. पहारा नाही म्हणून जंतू माजले, असा अर्थ बरीच वर्षं लावला गेला. २०१४ मध्ये निकी मुत्सोपूलोस आणि सहकाऱ्यांनी वेगळंच दाखवलं: या हिरड्यांमध्ये इंटरल्यूकिन-१७ या दाह भडकवणाऱ्या संदेशाचा पूर आलेला होता.

का? एरवी न्यूट्रोफिल काम आटोपून ऊतीतच मरतात. मॅक्रोफेज नावाच्या दुसऱ्या पेशी त्यांना गिळतात आणि त्या गिळण्यातूनच 'पुरे, आता आणखी कुमक नको' हा निरोप मिळतो. न्यूट्रोफिल पोचलेच नाहीत, तर तो निरोपही नाही. मदतीची हाक चालूच राहते आणि हाड विरघळत राहतं. म्हणजे पहारेकऱ्याचं मरणंही त्याच्या कामाचाच भाग! मला या सगळ्या प्रकरणात हेच सर्वांत विलक्षण वाटतं. २०१७ मध्ये अशाच एका एकोणीस वर्षांच्या रुग्णाला सोरायसिसवरचं, ही हाक वरच्या टप्प्यावर अडवणारं औषध दिलं गेलं आणि हिरड्यांचा दाह ओसरला. पायोरियाच्या प्रत्येक रुग्णाला असं औषध द्यावं, असा याचा अर्थ नाही. आपल्यासाठी मुळांपर्यंतची साफसफाईच.

माझीही झाली. डॉक्टरांनी निघताना विचारलं, सिगारेट ओढता का? ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, त्यामुळे दुखणं लपून राहतं म्हणे. तीन महिन्यांनी पुन्हा मोजायचंय. सहाचे चार झाले तर पेढे द्या, असं ते म्हणाले. साखर नको, असंही म्हणाले.