सर्च सर्व्हर बंद पडला? मोठा प्लॅन घेण्याआधी लॉग वाचा



समजा, तुमचं कोल्हापुरी चपलांचं ऑनलाइन दुकान आहे. दिवाळीचा सेल चालू आहे, जाहिरातीवर पैसे लावलेत, आणि नेमकं तेव्हाच साइटवरचा सर्च बंद पडतो. गिऱ्हाईक थांबत नाही, दुसऱ्या दुकानात जातं. डेव्हलपर म्हणतो, "सर, मेमरी कमी पडतेय, मोठा सर्व्हर घ्या." आपण घाबरून हो म्हणतो, दर महिन्याचं बिल वाढतं, आणि कधीकधी सर्व्हर तरीही पडतोच!

असं का होतं? कारण "मेमरी संपली" या एकाच तक्रारीमागे तीन वेगळे आजार असू शकतात. इथे आपण इलास्टिकसर्चचं उदाहरण घेऊ. मॅजेन्टो २.४ पासून असं वेगळं सर्च इंजिन लागतंच, त्यामुळे छोट्या दुकानदारांकडेही ते असतं.

आजार कुठला ते लॉगमध्ये कळतं. लॉग म्हणजे सर्व्हरची रोजकीर्दच म्हणा ना.

१) "जावा हीप स्पेस" असं लिहिलंय: इलास्टिकसर्च जावावर चालतं. जावाला कामासाठी रॅमचा ठरावीक हिस्सा दिलेला असतो, त्याला हीप म्हणतात. तो भरला की ही चूक येते. हीपचा किमान आणि कमाल आकार सारखाच ठेवा, आणि तो एकूण रॅमच्या निम्म्याहून जास्त नको. उरलेली रॅम वाया जात नाही. लिनक्स त्यात इंडेक्सच्या फाइली हाताशी ठेवतो, म्हणून शोध पटकन होतो.

२) लॉग मध्येच तुटलाय, चूक लिहिलेलीच नाही: आता लिनक्सचा कर्नल लॉग बघा. तिथे "किल्ड प्रोसेस" दिसलं, तर पूर्ण मशीनची रॅम संपली आणि लिनक्सनेच सर्च बंद केला, असं समजा. एकाच मशीनवर वेबसाइट, डेटाबेस आणि सर्च असले की हे होतं. नव्या आवृत्त्या हीपचा आकार मशीनची एकूण रॅम बघून स्वतःच ठरवतात. शेजारी डेटाबेसही जेवायला बसलाय, हे त्यांच्या हिशोबात नसतं! इथे हीप वाढवायचा नाही, उलट कमी करायचा. तरी भागत नसेल, तर मात्र रॅम घ्या.

३) "अनेबल टू क्रिएट नेटिव्ह थ्रेड" असं लिहिलंय: इथेच बहुतेक जण फसतात. ओळीच्या सुरुवातीला "आउट ऑफ मेमरी" असतं, पण रॅम शिल्लक असू शकते. थ्रेड म्हणजे काम करणारा माणूस. दुकानात जागा आहे, पण नवा माणूस ठेवायला परवानगी नाही, अशी ही गत. ही मर्यादा लिनक्स घालतो. इलास्टिकसर्चला निदान ४०९६ थ्रेडची परवानगी हवी. सर्च सिस्टमडी सर्व्हिस म्हणून चालत असेल, तर मर्यादा त्या सर्व्हिसच्या सेटिंगमध्येच वाढवावी लागते. नेहमीच्या लिमिट्स फाइलमध्ये आकडा बदलून उपयोग होत नाही. काही स्वस्त व्हीपीएसवर होस्टिंगवाल्याचीही वेगळी मर्यादा असते, ती त्यांनाच विचारा. आणि हो, इथे हीप वाढवलात तर दुखणं वाढू शकतं, कारण प्रत्येक थ्रेडला हीपच्या बाहेरची थोडी मेमरी लागते.

सर्च सुरूच होत नसेल तर आणखी एक आकडा तपासा: व्हीएम मॅक्स मॅप काउंट. अनेक लिनक्स मशीनवर तो मुळात ६५५३० असतो, इलास्टिकसर्चला निदान २६२१४४ लागतो. बदल फुकटात होतो.

म्हणून पैसे भरण्याआधी डेव्हलपरला तीन प्रश्न विचारा:

• लॉगमधली शेवटची ओळ नेमकी काय आहे?
• त्या क्षणी मशीनवर रॅम किती शिल्लक होती?
• हीप किती आहे आणि थ्रेडची मर्यादा किती?

उत्तरं आली की रॅम घ्यायची की नुसती सेटिंग बदलायची, हे तुम्हालाच कळेल. आणि मॅजेन्टो वापरत नसाल, माल दोन-तीनशे नगांचाच असेल, तर वेगळा सर्च सर्व्हर कशाला? मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेसमधला शोध तेवढ्याला पुरतो. धंद्यात वाचवलेला रुपया हा कमावलेलाच रुपया असतो!