सांध्याची भेग

वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत वज्रलेपावर एक अध्याय आहे. फळें, साली, बिया पाण्यांत घालून काढा अष्टमांश उरेपर्यंत आटवावा, असें आचार्य मापासह सांगतात. हल्लीं भिंतीच कारखान्यांतून येतात, आणि त्यांच्या सांध्यांचा लेप पिशवींतून वा डब्यांतून. कृति पिशवीवर छापलेली असते; वाचीत मात्र कोणी नाहीं.

आम्हींही ती वाचली नव्हती. नातवंडांच्या अभ्यासासाठीं मोठ्या खोलीचे दोन भाग करावयाचे ठरलें, म्हणून मध्यें जिप्सम बोर्डाची भिंत घातली. दिसली सुरेख. पहिल्याच उन्हाळ्यांत दर चार फुटांवर एकेक उभी भेग उमटली, जणुं फूटपट्टीनें आंखलेली! चौकशी करतां कळलें कीं, कारागिरानें सांध्यांत रंगाऱ्याची भिंतीची पुट्टी भरली होती. वर पट्टी लावलीच नव्हती. पुट्टी वाईट नव्हती. परंतु पांढऱ्या सिमेंटची ती पुट्टी गिलाव्यावर पातळ हात देण्यासाठीं केलेली. दोन बोर्डांची हालचाल सोसणें हा तिचा धर्म नव्हे.

सांध्यांसाठीं जो मसाला, ज्यास जॉइंट कंपाउंड म्हणतात, तो दोन जातींचा. एक पाण्याशीं संयोग पावून घट्ट होतो, दुसरा पाणी उडून गेल्यानें सुकतो. पहिल्याचा प्राण प्लॅस्टर ऑफ पॅरिस. गोदंती, म्हणजे जिप्सम, भाजली असतां तिच्यांतील सुमारें तीन चतुर्थांश पाणी निघून जातें. पुन्हां पाणी मिळतांच ती तें परत घेते, स्फटिक एकमेकांत गुंततात आणि गोळा दगडासारखा होतो. ह्या घट्ट होण्यास हवेचा कोरडेपणा लागत नाहीं आणि मसाला फारसा आकसतही नाहीं. रुंद फटींस व तुटलेल्या कोपऱ्यांस हाच योग्य. अमेरिकेंत अशा पिशव्यांवर २०, ४५, ९० असे आंकडे असतात. तीं घट्ट होण्याचीं अदमासें मिनिटें. नवख्यानें ९० च्या खालीं जाऊं नये. जमूं लागलेल्या मसाल्यांत फिरून पाणी ओतून कालविणें म्हणजे होत आलेले स्फटिक मोडणें होय. भांडेंही दर खेपेस स्वच्छ धुवावें. जुना कण राहिला तर नवा घाणा अवेळीं जमतो.

दुसरी जात डब्यांत तयार कालविलेली मिळते. तींत बहुधा चुनखडीचें पीठ व चिकट द्रव्य असतें. ती मऊ व घासण्यास सोपी, पण सुकतांना आकसते, आणि प्रत्येक हात सुकण्यास साधारणपणें एक दिवस घेते. कोंकणच्या आषाढांत तर तिची वाट पाहून माणूस कंटाळतो व ओल्यावरच दुसरा हात देतो. मग भेग आलीच.

म्हणून आमचें मत असें : पट्टी बसविण्याचा व फट भरण्याचा खालचा हात पहिल्या जातीचा द्यावा, वरचे पातळ हात दुसरीचे. कागदी पट्टी डब्यांतील चिकट मसाल्यांतही बसते, जाळीच्या पट्टीखालीं मात्र पहिल्या जातीचाच हवा. डब्यावर केवळ शेवटच्या हातासाठीं असें लिहिलें असेल तर त्यानें पट्टी बसवूं नये. त्यांत चिकटपणा कमी असतो.

धुळीविषयीं मात्र हयगय नको. पूर्वीं अमेरिकेंत ह्या मसाल्यांत ॲस्बेस्टॉस घालीत. १९७७ सालीं त्यावर बंदी आली. आजच्या मसाल्यांतही सिलिका असूं शकते. तोंडाला फडकें बांधून भागत नाहीं; नीट बसणारा मुखवटा घालावा, किंवा ओल्या स्पंजानें घासावें, आणि मुलांना त्या दिवशीं दुसऱ्या खोलींत बसवावें.

आमच्या भिंतीचे सांधे खरवडून नव्यानें भरले, तेव्हां पिशवीवरील मजकूर नातीनें कारागिरास मोठ्यानें वाचून दाखविला. "हें आजवर कोणी सांगितलें नाहीं, आजोबा," तो म्हणाला, व अर्धें कालविलेलें घमेलें बाजूस ठेवून त्यानें पाणी मोजून घेतलें.