पाटीवर काय लिहावे?

दोन वर्षांपूर्वी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने मला एक प्रश्न विचारला होता. जालना जिल्ह्यातल्या गोदाकाठच्या एका गावची ही मुलगी. मरळ, वाम, झिंगे, खेकडे रांधायला ती आईच्या हाताखाली शिकली. लग्नानंतर जालन्यात आली आणि मासळीची खानावळ काढायची असे तिने ठरवले. ती म्हणाली, "सर, गाळा मिळाला, भांडीकुंडी झाली. पाटीवर आईचे नाव लिहावे म्हणते, आडनावासकट. लिहू का?" मी क्षणभरही विचार न करता म्हणालो, "बाई, आडनाव नको. 'गोदावरी' लिही. नदी सगळ्यांची असते." तिने माझे ऐकले. खानावळ चालते आहे. पण त्या सल्ल्याची मला आज लाज वाटते. ती का वाटते, हे सांगण्यासाठी हा लेख लिहितो आहे.

बाहेर जेवणे हा विषय काढला की आमच्यातल्या काही कार्यकर्त्यांना वाटते, ही पांढरपेशांची चैन. चळवळीच्या नियतकालिकात तिला जागा कशाला? ही समजूत चुकीची आहे. जातिव्यवस्था बेटीव्यवहारावर उभी आहे तशीच ती रोटीव्यवहारावरही उभी आहे. कोणाच्या हातचे खायचे, कोणाला पंगतीत घ्यायचे, कोणाला लांबून वाढायचे, यावरून वरचा कोण आणि खालचा कोण हे रोज नव्याने ठरवले जाते. गावजेवणात हे सोपे होते, कारण तिथे प्रत्येकाची जात प्रत्येकाला ठाऊक. हॉटेल आले आणि अडचण झाली. पैसे टाकले की कोणीही आत येणार, शेजारच्या बाकावर बसणार. आत चुलीपुढे कोण आहे ते गिऱ्हाइकाला दिसणारही नाही. म्हणजे हॉटेल ही संस्थाच मुळात जातीला गैरसोयीची. म्हणून जातीने तिथे आपली सोय लावून घेतली. ती तीन ठिकाणी दिसते: कपात, खुर्चीत आणि पाटीवर.

आधी कपाचे पाहू. १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे आमच्या गावच्या स्टँडवर चहाचे एक हॉटेल होते. खडी फोडण्याच्या कामावरून परतताना वडील कधीमधी मला तिथे नेत. आमचा कप आत नसे. तो बाहेर कुडाला खोचलेला असे, कान तुटलेला आणि काठाला टवका गेलेला. वडील तो आपल्या हाताने काढत. हॉटेलवाला वरून पाणी सोडी, वडील कप विसळत, मग वरूनच चहा पडे. पिऊन झाले की पुन्हा विसळायचा आणि जिथला तिथे खोचायचा. पैसे मात्र आत बसणाऱ्याइतकेच. ते हातात न घेता फळीवर ठेवायला सांगत.

पुढे कायदा वाचला तेव्हा कळले की त्या कपाविषयी देशाने आधीच निर्णय घेऊन टाकला होता. २६ जानेवारी १९५० ला अमलात आलेल्या संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत प्रवेश करताना जातीच्या कारणाने कोणालाही अटकाव करता येणार नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याच्या ४ थ्या कलमात तर हॉटेलातली सर्वांसाठी ठेवलेली भांडी वापरू न देणे हा गुन्हा ठरवला आहे. १९७६ च्या दुरुस्तीने याच कायद्याला नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळाले आणि हा गुन्हा आपसात मिटवून टाकण्याची वाट बंद झाली. माझे वडील कप विसळत होते तेव्हा हा कायदा सतरा वर्षांचा होता. आमच्या गावात तो कोणी वाचला नव्हता, आणि ज्यांनी वाचला होता त्यांना तो सांगायचा नव्हता.

आता खुर्चीचे. हे मला नीट उमगले ते परदेशी. गेल्या वर्षी मार्चमध्ये मी भाच्याकडे अमेरिकेत, टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरी गेलो होतो. त्याने मला एका केजन-क्रिओल मासळीच्या हॉटेलात नेले. टेक्सासच्या शेजारी लुइझियाना राज्य आहे. हे जेवण तिथले. टेबलावर जाड कागद पसरलेला. पोऱ्याने घमेल्याएवढे भांडे आणले आणि त्या कागदावर सरळ उपडे केले. तिखट मसाल्यात उकडलेले क्रॉफिश, मक्याची कणसे, बटाटे. क्रॉफिश म्हणजे झिंगा आणि खेकडा यांच्यामधला प्राणी. तिकडे तो भाताच्या खाचरांतल्या चिखलपाण्यात वाढवतात. ताट नाही, वाटी नाही. सहा माणसे एकाच ढिगाऱ्यातून हाताने खात होती, नांग्या मोडून चोखत होती. भाचा म्हणाला, "मामा, दुधनेच्या काठी आपण खेकडे असेच खायचो." खरे होते. मला मात्र तो कुडातला कप आठवला. इथे वेगळा ठेवायला भांडेच नव्हते.

पण एवढ्यावर भाळून जाऊ नये. त्या टेबलालाही इतिहास आहे.

केजन हे मूळचे अकेडियातले, म्हणजे आजच्या कॅनडाच्या नोव्हा स्कॉशिया भागातले फ्रेंच भाषक शेतकरी. १७५५ पासून इंग्रजांनी त्यांना हुसकून लावले, आणि त्यांतले पुष्कळ लुइझियानाच्या दलदलीत येऊन राहिले. गरीब माणसे, चिखलात, पाण्यात मिळेल ते खाणारी. केजन हा शब्द हिणवण्यासाठी वापरला जाई. लुइझियानाच्या १९२१ च्या राज्यघटनेने शाळांत इंग्रजी सक्तीची केली आणि फ्रेंच बोलणाऱ्या मुलांनी शिक्षकांचा मार खाल्ला. पुढे १९७९ मध्ये पॉल प्रुडोम या केजन आचाऱ्याने न्यू ऑर्लिन्समध्ये हॉटेल काढले. त्याने तव्यावर काळपट भाजलेला रेडफिश एवढा लोकप्रिय झाला की त्या माशाच्या व्यापारी मासेमारीवर सरकारला निर्बंध आणावे लागले. ज्या नावाने हिणवले जाई तेच नाव आज देशोदेशी हॉटेलांच्या पाट्यांवर आहे.

क्रिओल स्वयंपाकाची गोष्ट याहून कडवट आहे. त्याचे मुख्य कालवण गम्बो. हा शब्द आफ्रिकी भाषांतल्या भेंडीच्या नावावरून आला. पीठ तेलातुपात परतण्याची रीत फ्रेंचांची, दाटपणासाठी टाकायची सॅसाफ्रासच्या पानांची पूड तिथल्या चॉक्टॉ या आदिवासींची, आणि चुलीपुढे उभे राहून हे सगळे एकत्र आणणारे हात बहुतांशी गुलाम आफ्रिकी स्त्रीपुरुषांचे. कालवण मालकाच्या टेबलावर गेले; रांधणारी बाई तिथे बसली नाही. गुलामगिरी १८६५ मध्ये संपली, पण टेबल मोकळे झाले नाही. न्यू ऑर्लिन्समधला जोडे शिवणारा एक क्रिओल, होमर प्लेसी, १८९२ मध्ये गोऱ्यांच्या रेल्वेडब्यात मुद्दाम बसला. १८९६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला: वेगळे ठेवा, पण समान ठेवा. कुडातल्या कपाचेच हे तत्त्वज्ञान. चहा तोच, दाम तेच, कप तेवढा वेगळा!

हे तत्त्वज्ञान मोडायला माणसांना खुर्चीवर जाऊन बसावे लागले. सप्टेंबर १९६० मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या एका दुकानातल्या जेवणाच्या काउंटरवर तीन कृष्णवर्णीय आणि एक गोरा असे चौघे बसले आणि उठले नाहीत. त्यांना अटक झाली, शिक्षा झाली; १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने सार्वजनिक हॉटेलांतला वर्णभेद बेकायदा ठरला. त्याविरुद्ध बर्मिंगहॅमचा एक हॉटेलमालक न्यायालयात गेला. तो कृष्णवर्णीयांना अन्न विकत होता, पण बांधून. आत बसू देत नव्हता. डिसेंबर १९६४ मध्ये तो हरला. आपल्या संविधानाने हाच हक्क चौदा वर्षे आधी दिला होता, हे ध्यानात घेतले पाहिजे. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये विचारवंत ड्युबॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतले साम्य दाखवले होते. पुढे १९७२ मध्ये दलित पँथरने नाव घेतले ते ब्लॅक पँथरवरून. तेव्हा ही तुलना मी ओढूनताणून करीत नाही.

या लढ्यात एक जेवणाचे ठिकाणच रणांगण होते. न्यू ऑर्लिन्समध्ये १९४१ पासून डूकी चेस नावाचे कृष्णवर्णीय कुटुंबाचे हॉटेल आहे. १९४६ मध्ये लीआ नावाची मुलगी त्या घरात सून म्हणून आली. आधी ती गोऱ्यांच्या हॉटेलात वाढपाचे काम करी. तिने सासरच्या हॉटेलात क्रिओल जेवण सुरू केले. १९६० नंतरच्या वर्षांत गोरे आणि काळे कार्यकर्ते तिथे माडीवरच्या खोलीत एकत्र बसत, गम्बो खात आणि आंदोलने आखत. असे एकत्र बसणे तेव्हा कायद्याविरुद्ध होते. लीआ चेस २०१९ मध्ये वारल्या. पाटीवर नाव कुटुंबाचेच राहिले.

इथे मी माझ्या विद्यार्थिनीच्या पाटीशी परत येतो. आपल्याकडच्या पाट्या वाचा. मराठा खानावळ, लिंगायत खानावळ, ब्राह्मणी पद्धतीचे जेवण. नागपूरच्या हलबा कोष्टी समाजाचे सावजी जेवण तर महाराष्ट्रभर पोचले. मालवणी आहे, आगरी आहे, कोल्हापुरी आहे. या पाट्यांना कोणी जातीयवाद म्हणत नाही; म्हणतात, चव. मग आमच्या आयांच्या चवीला पाटी का नाही? आठवडी बाजारात सुकट-बोंबलाच्या पाट्यांपुढे नाक दाबून जाणारे लोक आज धाब्यावर 'गावरान' म्हणून त्याच वस्तू मागतात आणि सांगाल ती किंमत मोजतात. पदार्थ गावकुसाच्या आत गेला. ज्यांनी तो सांभाळला त्यांचे नाव गावकुसाबाहेर राहिले. शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांचे अन्न नावानिशी कागदावर आणले. आता ते पाटीवर यायला हवे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, याने दारिद्र्याचे गोडवे गायले जातील. ते गाऊ नयेत. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये महाडला मेलेल्या जनावरांचे मांस सोडायला सांगितले. लाचारीने पोटात गेलेले अन्न आणि हुन्नराने रांधलेले अन्न यांतला फरक आपण कधी विसरू नये. दुसरा आक्षेप असा की, आडनाव लिहिणे म्हणजे जात टिकवणे. उलट, इतरांची नावे झळकत असताना फक्त आपलेच झाकावे लागणे, हीच जात. मी विद्यार्थिनीला 'नदी सगळ्यांची' म्हणालो, तेव्हा खरे तर मी तिला आईचा कप पुन्हा कुडाला खोचायला सांगत होतो.

आणि पाटी एकट्याच्या हिमतीवर टिकत नाही. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्यावरून मार बसला, तेव्हा शाहू महाराजांनी त्यांना चहाचे हॉटेल काढून दिले. पण महाराज एवढ्यावर थांबले नाहीत. जाता-येता गाडी थांबवून ते तिथला चहा पीत, बरोबरच्या मंडळींनाही पाजत. हॉटेल चालले ते भर रस्त्यात प्यालेल्या त्या चहामुळे.

गेल्या महिन्यात मी 'गोदावरी'त जेवायला गेलो. मरळीचे कालवण आणि भाकरी खाल्ली. निघताना विद्यार्थिनीला म्हणालो, "बाई, मी तुला चुकीचे सांगितले. पाटी बदल." ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "सर, गाळ्याचा करार दिवाळीला संपतो. मालकाने आडनाव वाचून करार केला नाही तर तुम्ही याल का बोलायला? आणि गिऱ्हाईक तुटले तर जेवायला कोण येईल?"

मी येईन, असे म्हणालो. पण मी एकटा पुरणार नाही. जालन्यातल्या कार्यकर्त्यांनी, वसतिगृहांतल्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी दिवाळीनंतर तिथे यावे. सवर्ण मित्रांनाही बरोबर आणावे आणि सगळ्यांनी रस्त्यावरून दिसेल असे दारालगतच्या बाकावर बसून जेवावे.